खडूची रेघ

“मिस्त्री, हँडल जरा वर फिरव रे. उतरणीला मनगटं फार भरून येतात,” असं म्हणून मास्तरांनी सायकल माझ्याकडे ढकलली आणि स्वतः बुटाच्या नाड्या बांधायला दगडावर बसले.

“आत्ता सुचतंय होय? अर्ध्या तासात शर्यत सुटायची!”

“तू आहेस म्हणून सुचतंय. नसतास तर गुपचूप सोसलं असतं.”

मी तोंडाने पुटपुटत ॲलन-की, बोल्ट आवळायची ती वाकडी किल्ली, काढली. फेब्रुवारी महिना, सकाळचे साडेसहा. वाघजाईच्या पठारावर शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. वाळलेल्या गवतावर दव होतं आणि लाउडस्पीकरवाला उगाचच ‘हॅलो, हॅलो’ करत होता. आमच्या हंगामाची ही चौथी आणि शेवटची शर्यत.

मास्तर म्हणजे विद्याधर इंगवले. कराडात हायस्कूलला भूगोल शिकवायचे. मी उल्हास शेवाळे, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मी त्यांना मास्तर म्हणायचो, ते मला मिस्त्री. दोघांचीही चाळिशी उलटलेली, आणि खूळ एकच, डोंगरातल्या सायकल-शर्यतींचं. जाड टायरच्या सायकली घ्यायच्या आणि पायवाटांवरून, ओढ्यांतून, कातळांवरून तीस-तीस किलोमीटर जिवाचं रान करायचं. पैसा नाही, पाणी नाही. घरचे म्हणायचे, म्हातारपणी बाशिंग. पण हिवाळा आला की आमचे पाय शिवशिवायला लागायचे.

हे वेड मास्तरांना मी लावलं. सायकलवर नीट बसायला मी शिकवलं, उतरणीला मागे कसं सरकायचं ते मी दाखवलं. आणि दोन वर्षांत हा माणूस माझ्याच पुढे जायला लागला! त्या हंगामात पहिली शर्यत मी मारली. दुसरी त्यांनी. तिसऱ्या शर्यतीत माझं चाक पंक्चर झालं, माझा पंप ऐन वेळी दगा देऊन बसला. मास्तर मागून आले, सायकलवरून उतरले, आपला पंप माझ्या हातात ठेवला, “घे, घाई करू नकोस,” म्हणाले आणि निघून गेले. एवढं करूनही पहिले आले. मी तिसरा.

त्या दिवशी लोकांनी त्यांची पाठ थोपटली. मीही थोपटली. पण खरं सांगतो, मला मिरची झोंबली होती. हरवलं असतं तरी चाललं असतं. वर उपकार करून हरवलं, ते मला पचेना.

तर तीन शर्यतींनंतर मास्तर माझ्यापेक्षा एका गुणाने पुढे होते. या चौथ्या शर्यतीत जो पुढे येईल, त्याचा हंगाम. शर्यत पुरी करणाऱ्याला शेवटचा आला तरी दोन गुण मिळायचे, अर्ध्यात सोडणाऱ्याला भोपळा. चाळिशीपुढच्या गटाचा तो वीतभर चषक. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा मला तो हवा होता. मी आयुष्यात काही जिंकलो नव्हतो हो. ना शाळेत, ना नोकरीत. एकदा तरी माझं नाव लाउडस्पीकरवर पहिलं यावं, एवढंच होतं.

आता खडूचं सांगितलं पाहिजे. वर्कशॉपमध्ये आमची रीत होती. नट आवळून झाला की नटावरून खाली चकतीपर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढायची. पुढे कधी नट ढिला पडला, तर रेघ तुटते, दोन तुकडे इकडेतिकडे होतात. लांबून नुसतं बघितलं तरी कळतं. आमचे फोरमन सय्यदचाचा नवीन माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचे, “बाळा, खडू म्हणजे सही. पाना लागला नसेल तर खडू उचलायचा नाही. सही केलीस की गाडीतली पन्नास माणसं तुझी.”

तीच रीत मी सायकलींना लावली होती. शर्यतीच्या सकाळी मास्तरांची आणि माझी, दोन्ही सायकली मी तपासायचो आणि प्रत्येक जोडावर रेघ ओढायचो. खडूही मास्तरांच्याच शाळेतले. दर हंगामाला एक पेटी आणून द्यायचे. रेघ दिसल्याशिवाय सायकलवर टांग टाकायची नाही आणि रेघ दिसली की काही बघायचं नाही, असा त्यांचा नेम. एकदा कुणीतरी त्यांना म्हणालं, “मास्तर, ब्रेक तरी दाबून बघा!” तर म्हणाले, “मिस्त्रीची रेघ आहे ना? मग झालं.”

त्या सकाळी मी हँडलच्या पकडीचे चारही बोल्ट सैल केले. हँडल बोटभर वर फिरवलं. वरचे दोन बोल्ट अर्धेमुर्धे आवळले आणि तेवढ्यात लाउडस्पीकरवर माझं नाव आलं, “शेवाळे, कराड! नंबर न्यायला टेबलाशी या, नाहीतर नाव बाद होईल!”

मी धावलो. टेबलाशी ही गर्दी. त्यात त्यांनी मला भलत्याच गटात घातलेलं. वाद घालून, नंबर छातीवर लावून परत आलो, तर मास्तर टोपी घालून तयार उभे.

“झालं का?”

“झालं,” मी म्हणालो. खिशातून खडू काढला आणि एकामागून एक सगळ्या रेघा ओढल्या. पुढचं चाक, मागचं चाक, सीट, हँडल. हाताला सवय होती. हात चालला, डोकं टेबलाशीच राहिलं होतं.

इथपर्यंतची चूक ही चूक होती. तिच्यासाठी मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं.

शर्यत सुटली. पहिले वीस किलोमीटर आम्ही दोघं एकमेकांची सावली होऊन चाललो. चढाला ते पुढे, सपाटीला मी. विट्याचा हैबती थोरात आमच्या मागे तिसरा होता, पण पाच मिनिटांचं तरी अंतर होतं. शेवटच्या उतरणीच्या तोंडाशी इंदूमावशींची झोपडी होती. तिथे पाणी ठेवलं होतं. आयोजकांनी प्लास्टिकचे पेले दिलेले, पण मावशींनी ते बाजूला सारले होते. घरचा पितळी तांब्या पुढे केला.

“प्या रं बाबांनो. वयं काय तुमची, आन् करताय काय!”

“मावशी, घरी कुणी विचारत नाही म्हणून डोंगरात येतो,” मास्तर म्हणाले. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. मास्तरांनी सायकल माझ्यासमोर कुडाला टेकवली आणि तांब्या उचलून वरून पाणी प्यायला लागले. त्यांची ती पद्धत होती. शर्यत असो, आग लागो, पाणी निवांत प्यायचे.

मी सहज खाली बघितलं.

हँडलवरची रेघ तुटली होती. अर्धी पकडीवर, अर्धी दांड्यावर, आणि मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. सकाळचा पाना माझ्या हातात परत आला आणि मला लख्ख आठवलं, खालचे दोन बोल्ट मी आवळलेच नाहीत.

ॲलन-की माझ्या खिशात होती. चार बोल्ट, दोन मिनिटं. तोंड उघडायचं, “मास्तर, थांबा,” म्हणायचं, बस्स.

पुढे जे मनात आलं ते जसंच्या तसं सांगतो. मनात आलं, हँडल घट्ट झालं की उतरणीला मास्तर मला सापडायचे नाहीत. मनात आलं, हँडल हलतंय म्हटल्यावर ते आपसूकच जपून उतरतील, मागे पडतील, यात कुणाचं काय जातंय? ते पडतील असंही मनात आलं. आलं नाही असं म्हटलं तर जीभ झडेल. आलं, पण मी त्या विचाराला बसायला पाट दिला नाही.

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. तोंड पुसलं. माझ्याकडे बघितलं.

“चला मास्तर,” मी म्हणालो.

त्या उतरणीला गावातले लोक सोंड म्हणतात. पहिला अर्धा किलोमीटर माती, मग कातळाच्या पायऱ्या. मास्तर पुढे होते. जपूनबिपून काही नाही, नेहमीसारखे सुसाट. मी मागून ओरडलो. खरंच ओरडलो, “मास्तर, हळू!” पण ते शर्यतीतलं ओरडणं वाटलं असेल त्यांना. तिसऱ्या पायरीवर पुढचं चाक आदळलं आणि हँडल दांड्यासकट पुढे लोळलं. हात हँडलबरोबर गेले आणि माणूस हातांबरोबर.

मी पोचलो तेव्हा ते कातळाखाली उजव्या कुशीवर पडले होते. शुद्धीत होते. उजवा हात खांद्यापासून भलतीकडेच वळलेला. डोळे मोठे झालेले.

“मिस्त्री,” एवढंच म्हणाले.

“हलू नका. मी आहे.”

‘मी आहे’ म्हणालो!

फोनला रेंज नव्हती. मागून हैबती आला. सायकल टाकून त्याने मास्तरांचं डोकं मांडीवर घेतलं. “तुला वाट ठाऊक आहे, तू पळ. जीप घेऊन ये,” म्हणाला. मी सायकल घेतली आणि उतरलो. डॉक्टरांची जीप उभी होती ती शर्यत संपते तिथेच. दुसरी वाट नव्हती. मी ओरडत, रडत खाली आलो, आणि मी शर्यतीची शेवटची पांढरी पट्टी ओलांडली तेव्हा टेबलावरच्या माणसाने झेंडा खाली केला आणि माझा नंबर लिहून घेतला.

मला मिळाले पहिल्याचे गुण. मास्तरांना भोपळा. हंगाम माझा झाला.

संध्याकाळी बक्षीस समारंभाला मी नव्हतोच, दवाखान्यात होतो. आठ दिवसांनी ते लोक चषक घेऊन घरी आले. वर एक शालही. शर्यत विसरून मित्रासाठी मदत आणली, म्हणून खिलाडूवृत्तीचा खास सत्कार. मास्तरांना मांडीवर घेऊन दीड तास उन्हात बसलेल्या हैबतीला कुणी काही दिलं नाही.

दवाखान्यात मास्तरांनी डावा हात पुढे केला.

“अभिनंदन, मिस्त्री.”

“कसलं अभिनंदन, मास्तर…”

“माझंच चुकलं बघ. ऐन वेळी तुला हँडल फिरवायला लावलं. शेवटच्या घटकेला कुणी असं करतं का? पोरांना सांगतो, परीक्षेच्या दिवशी नवीन पेन घेऊ नका, आणि स्वतः…” ते हसले. “तू मनाला लावून घेऊ नकोस.”

शेजारी मास्तरांच्या पत्नी, सुनंदावहिनी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “भावजी होते म्हणून जीव वाचला.” मी औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेलो. सांगण्याची ती वेळ होती. मग दुसऱ्या दिवशी होती. मग महिन्याने होती. एकदा वेळ टळली की जड होत जाते, मग उचलवतच नाही.

हात जोडला गेला, पण खांद्याच्या वर कधी गेला नाही. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागापर्यंत मास्तर पोचेनात. नकाशे काढायचा त्यांना भारी नाद. नुसत्या हाताने अख्खा सह्याद्री काढायचे फळ्यावर, खिंडींसकट. ते बंद झालं. वर्षभरात डाव्या हाताने लिहायला शिकले. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, खाली खाली उतरत जाणारं.

पहिले सहा महिने मी त्यांना रोज माझ्या स्कूटरवरून शाळेत सोडलं. भाजी आणली, लाइटबिलं भरली. “असा मित्र मिळायला भाग्य लागतं,” लोक म्हणायचे, आणि मास्तर मान डोलवायचे. शर्यती मी त्याच वर्षी सोडल्या. कारण विचारलं की म्हणायचो, मास्तरांशिवाय मजा नाही. ते ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. चषक मी माळ्यावर टाकला. दर दिवाळीला साफसफाईत तो खाली येतो, दर दिवाळीला मी तो वर ठेवतो.

अशी अकरा वर्षं गेली.

गेल्या मे महिन्यात मास्तर रिटायर झाले. हारतुरे झाले, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन, “मिस्त्री, पाने घेऊन ये जरा.”

गेलो, तर अंगणात ती सायकल. अकरा वर्षं गोणपाटात गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवलेली. टायर वाळून गेलेले, ते त्यांनी आधीच नवीन आणून ठेवले होते.

“डोंगर नाही रे बाबा,” ते म्हणाले. “नुसतं ग्राउंडवर दोन फेऱ्या मारीन म्हणतो. एका हाताने जमतंय का बघू. तू बरोबर असलास की तुझ्या वहिनी ओरडणार नाहीत.”

मी कामाला लागलो. टायर घातले, चेनला तेल दिलं, ब्रेकच्या तारा बदलल्या. हँडलचे चारही बोल्ट काढून पुसले, परत बसवले आणि आवळले. एकेक बोल्ट दोनदा आवळला. मास्तर पायरीवर बसून बघत होते.

“मिस्त्री, तुला एक गंमत सांगू? आजवर कुणाला सांगितली नाही. हिलासुद्धा नाही.”

“सांगा की.”

“त्या दिवशी मावशींच्या झोपडीपाशी ती रेघ हललेली मला दिसली होती.”

माझ्या हातातली ॲलन-की तशीच राहिली.

“पाणी पिता पिता दिसली. म्हटलं, अरे, ही सरकलीय वाटतं. विचारणारच होतो तुला. पण बघतो तर तू तिच्याकडेच बघत होतास.” मास्तर हसले. “म्हटलं, मिस्त्री स्वतः बघतोय म्हटल्यावर आपण कशाला शहाणपणा करा! काही असतं तर बोलला असता. तू ‘चला’ म्हणालास आणि मी निघालो. आता बघ, तुला उन्हात काही दिसलं नसेल, घामाने डोळे चुरचुरत असतील. मी विचारायला हवं होतं. मास्तर असून प्रश्न विचारला नाही. अकरा वर्षं हेच डोक्यात येतं.”

त्यांनी खिशातून एक खडू काढला. शाळेतून आणलेला, बहुतेक शेवटचा. डाव्या हाताने माझ्यापुढे धरला.

“हं. कर सही.”

मी खडू घेतला नाही.

“मास्तर, मला दिसली होती.”

“काय?”

“रेघ. चांगली दिसली होती. आणि बोल्ट ढिले आहेत हेही आठवलं होतं. किल्ली खिशात होती माझ्या.”

अंगणात वहिनींनी वाळत घातलेल्या कुरडयांवर चिमण्या उतरल्या होत्या. एरवी मास्तर हाड्हुड् करायचे. त्या दिवशी त्यांनी काही केलं नाही. खडूचा हात हळूहळू खाली गेला.

“मग बोलला का नाहीस?”

“जिंकायचं होतं.”

“चषक?”

“हो.”

मला वाटलं शिवी देतील. वाटलं, उठून आत जातील आणि दार लावतील. दोन्ही मला चाललं असतं.

“किती वेळ बघत होतास?” त्यांनी विचारलं.

“तुमचं पाणी पिऊन होईपर्यंत.”

“तांब्याभर,” मास्तर म्हणाले. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच बोलल्यासारखे, “तांब्याभर होतं रे पाणी.”

मी खाली मान घालून बसलो होतो. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायची लाज वाटत होती. जरा वेळाने मास्तरांची सावली माझ्या अंगावर पडली.

“सरक,” ते म्हणाले.

मी सरकलो. ते माझ्या जागी बसले. माझ्या हातातली ॲलन-की काढून घेतली. उजवा हात मांडीवर तसाच ठेवून डाव्या हाताने त्यांनी ती पहिल्या बोल्टात घातली आणि जोर लावला. बोल्ट हलला नाही. दुसऱ्यात घातली. किल्ली निसटली, त्यांचं बोट खरचटलं. मी पुढे झालो तर म्हणाले, “राहू दे.” परत घातली, परत जोर लावला. तिसरा. चौथा.

चारही घट्ट होते. मीच आवळले होते, दोन-दोनदा. तरी त्यांनी चारही तपासले.

मग खडू घेऊन त्यांनी पकडीवरून दांड्यावर एक रेघ ओढली. डाव्या हाताची होती, वाकडी आली. उठले, सायकल हाताने धरून फाटकाबाहेर नेली आणि रस्त्यावर थांबले.

“येतोस ना?” माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

मी उठलो आणि त्यांच्या मागून चालायला लागलो.